बालवाडीचे पहिले विद्यार्थी

“आमच्याकडे अशा मुलांसाठी वेगळ्या टीचर नाहीत हो. तुम्ही स्पेशल स्कूलमध्ये विचारून बघा ना.” बालवाडीच्या दारात हे वाक्य बहुधा आवाज न चढवता, जरा ओशाळूनच म्हटले जाते. कळंबोलीत म्हटले जाते, तसेच कामोठ्यात आणि खांदा कॉलनीतही. आई मान हलवते, मुलाला कडेवर घेते आणि पुढच्या सेक्टरमध्ये जाते. तीन-चार दारे झाली की विचारणेही थांबते. मग ते मूल घरातच वाढते. सहाव्या वर्षी पहिलीच्या पटावर त्याचे नाव चढते, तेव्हा घोळक्यात बसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चार मुलांत डबा उघडून खाणे यातले काहीच त्याच्या अंगवळणी पडलेले नसते. शाळा म्हणते, मूलच तसे आहे.

हे पुस्तक दाराशी उभ्या असलेल्या त्या दोघींसाठी आहे. एक आतली बाई, दुसरी बाहेरची आई. (बाप या प्रसंगात फारसा दिसत नाही. तो स्टील मार्केटमध्ये पाळीवर असतो किंवा ट्रेलर घेऊन कुठे तरी सोलापूरच्या पुढे. पण वाचायला त्याचीही मनाई नाही.)

आतल्या बाईंचे म्हणणे खोटे नाही. त्यांना प्रशिक्षण मिळालेले नसते. तरीही त्यांच्या कपाटात जे साहित्य असते त्याचा इतिहास त्यांना कुणी सांगितलेला नसतो, आणि या पुस्तकाची सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते. लाकडी ठोकळ्यांच्या भोकांत बसवायचे लहानमोठे दट्टे, एकावर एक रचायचा मनोरा, बोट फिरवून गिरवायची अक्षरे, बटणे आणि नाड्या लावायच्या चौकटी हे सगळे आले कुठून? १९०० च्या सुमारास मारिया माँटेसोरी या तरुण डॉक्टर रोममध्ये ज्या संस्थेत काम करत होत्या, तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली मुले होती. त्या काळी अशा मुलांना वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवत. बाईंनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची जुनी पुस्तके शोधून वाचली. इतारने एका रानात सापडलेल्या, न बोलणाऱ्या मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला होता. सेगँने तेच काम पुढे नेऊन हाताने, स्पर्शाने शिकवायची साधने तयार केली होती. माँटेसोरीबाईंनी ती साधने सुधारली आणि वापरली. त्यांची काही मुले शाळेची सरकारी परीक्षा पास झाली. लोक थक्क झाले, बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. ही मुले एवढे करू शकतात, तर धडधाकट मुलांना शाळेत इतके कमी का येते? म्हणून १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी ‘बालघर’ उघडले आणि तीच साधने तिथल्या मुलांपुढे ठेवली. पुढचे सर्वांना माहीत आहे.

म्हणजे ज्या मुलाला आपण “तुमच्यासाठी आमच्याकडे काही नाही” म्हणून परत पाठवतो, त्याच्यासारख्या मुलांसाठीच ते कपाट आधी भरले गेले. बाकीची मुले नंतर आली. दिव्यांग मूल बालवाडीत पाहुणे म्हणून येत नाही. ते या घरचे थोरले आहे. या पुस्तकात मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढची प्रकरणे त्या म्हणण्याचा रोजचा व्यवहार मांडतात.

ही साधने आपल्याकडे आली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या हातून. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी पुढे मुंबईत काम केले आणि १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीत या दोघींना दिसले की वस्तीतली मुले शाळेपर्यंत येतच नाहीत. मुले येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. शाळाच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली. महागडे साहित्य परवडेना, तर बिया, शिंपले, काड्या, माती घेतली. अंगणवाडीची कल्पना या अंगणांत वाढली. जे मूल येऊ शकत नाही त्याच्यासाठी शाळेने आपला आकार बदलायचा, हा धडा मराठी बालशिक्षणाने इतक्या लवकर गिरवला होता. पण तो अपंग मुलांपर्यंत काही नेला गेला नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आईला आरोग्य-पोषणाचे मार्गदर्शन, अशा सहा सेवा. गरिबातल्या गरीब मुलासाठी आखलेली ही योजना. मिथू अलूर यांनी लंडन विद्यापीठासाठी संशोधन केले ते नेमके याच योजनेवर: सर्व मुलांसाठी असलेल्या अंगणवाडीत अपंग मूल का नाही? त्यांची मुलगी मालिनी हिला जन्मतः मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. १९७२ मध्ये त्यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली होती. विशेष शाळांचा मोठा अनुभव गाठीशी असलेली ही बाई शेवटी या मताला आली की वेगळ्या शाळा कितीही काढल्या तरी बहुतेक मुले बाहेरच राहणार. मग त्यांच्या संस्थेने धारावीच्या वस्तीत अंगणवाड्यांमधून अपंग मुलांना इतर मुलांबरोबर बसवण्याचे काम केले. ज्यांना वाटते की समावेश हा मोठ्या जागेच्या, वातानुकूलित शाळांचा विषय आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. धारावीच्या खोल्यांपेक्षा कळंबोलीतल्या खोल्या मोठ्याच आहेत.

आता कायद्याकडे एक नजर टाकू, कारण पालक बहुतेक वेळा कायद्याच्या भरवशावर येतात आणि रिकाम्या हाताने परततात. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे; तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था करावी असे तो सुचवतो, बंधन घालत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. २१ प्रकारची अपंगत्वे त्यात मानलेली आहेत. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र तोही ६ ते १८ वयालाच देतो. सर्वांना बरोबर शिकवण्याची जबाबदारी तो शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांवर टाकतो. तळमजल्याच्या खोलीत चालणाऱ्या प्लेग्रुपला ना अनुदान, ना मान्यता. मेंदू वेगाने घडतो ती वर्षे अशी कायद्याच्या दोन खांबांमधल्या फटीत पडली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, हे चांगलेच झाले. पण धोरण घेऊन आईला दारात भांडता येत नाही.

इटलीने १९७७ मध्येच कायदा करून शाळांतले अपंगांचे वेगळे वर्ग बंद केले. अमेरिकेत गरीब मुलांसाठीच्या हेड स्टार्ट या बालवाडी कार्यक्रमात किमान १० टक्के जागा अपंग मुलांना द्यायच्या, असे १९७२ मध्ये ठरले. आपली योजना त्यानंतर तीन वर्षांनी आली. त्या दोन देशांकडे आपल्यापेक्षा पैसा जास्त होता हे मान्य. पण जागा राखायला पैसा लागतोच असे नाही.

पुस्तक कळंबोलीला समोर ठेवून का लिहिले, हा प्रश्न रास्त आहे. एक कारण गावाची घडण. सिडकोने वसवलेली ही वसाहत. एका बाजूला लोखंड-पोलाद बाजार, दुसरीकडे पुण्याकडे निघणाऱ्या द्रुतगती मार्गाचे तोंड. मूळचे आगरी गावठाण, रोडपाली-खिडुकपाडा, आणि सभोवती साताऱ्या-सांगलीपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंत कुठून कुठून आलेली कुटुंबे. घरात आजी नाही, शेजार दर अकरा महिन्यांनी बदलतो. मूल दीड वर्षाचे झाले तरी हाकेला वळून बघत नाही, हे बघणारे आणखी कुणी घरात नसते. त्यात घरची भाषा भोजपुरी किंवा कन्नड आणि बालवाडीची मराठी-इंग्रजी. अशा मुलाचे गप्प राहणे हा परकेपणा की बहिरेपणा, हे टीचरला कळत नाही. त्यावर साधा उपाय आहे: घरी ते कसे बोलते, किती बोलते, हे आईला विचारायचे. घरी भरभरून बोलणारे मूल वर्गात गप्प असेल तर वाट पाहा. घरीही बोलत नसेल तर वाट पाहू नका. आधी कान तपासा.

दुसरे कारण सांगायला जड आहे, पण ते टाळून पुढे जाणे खोटेपणाचे होईल. २०११ मध्ये कळंबोलीचे नाव राज्यभर झाले ते बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या एका खासगी बालगृहामुळे. तिथल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले, खटला उभा राहिला आणि २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने काही आरोपींना दोषी ठरवले. त्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी नराधम हा शब्द वापरून विषय मिटवला. मला त्यापेक्षा त्या जागेची चिंता वाटते. भरवस्तीतले ते घर. आसपास माणसे राहत होती, दुकाने उघडत होती, आणि आतल्या मुलांना नावाने ओळखणारे बाहेर कुणी नव्हते. सगळी बालगृहे आणि विशेष शाळा अशा असतात असे म्हणणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक विशेष शाळांनी आयुष्ये उभी केली आहेत. पण मुलांना लोकांच्या नजरेआड एकत्र ठेवले की त्यांची सुरक्षितता ठेवणाऱ्याच्या सचोटीवर टांगली जाते. गल्लीतल्या पंचवीस मुलांबरोबर बालवाडीत बसलेले मूल चार दिवस दिसले नाही, तर पंचवीस घरांतून विचारणा होते. ही राखण कुठलाही तपासणी अहवाल करू शकत नाही.

आणि मुले दिसत नाहीत याचा पुरावा आकड्यांतही आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र हे प्रमाण जेमतेम सव्वा टक्का भरले. मोठेपणी अपघात, आजार, म्हातारपण यांनी भर पडते हे खरे. तरी या तफावतीत न ओळखलेली आणि न सांगितलेली मुले किती, याचा अंदाज कुठलीही अंगणवाडी सेविका देईल.

ओळखण्याची यंत्रणा कागदावर उत्तम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांच्या कमतरता, आजार आणि विकासातले विलंब तपासायचे आणि गरजेप्रमाणे पुढे पाठवायचे. पुढे म्हणजे कुठे? कळंबोली रायगड जिल्ह्यात, जिल्हा रुग्णालय अलिबागला. पेण-वडखळमार्गे सत्तर किलोमीटरच्या आसपास. वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचे ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे केंद्र आहे, लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर. पण ती महापालिका वेगळी, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २००१ पासून डॉ. विभा कृष्णमूर्ती यांचे ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्रही मुंबईत काम करते. रोजंदारीवरच्या बापाला यातला प्रत्येक फेरा म्हणजे एक बुडालेला दिवस. म्हणून पुस्तकात कुठे जावे यापेक्षा तोपर्यंत बालवाडीत काय करावे, यावर जास्त पाने खर्च केली आहेत. तपासणी, प्रमाणपत्र, दिव्यांगांचे यूडीआयडी ओळखपत्र हे सगळे यथावकाश होत राहील. मुलाला वर्गात बसवण्यासाठी त्यातल्या एकाही कागदाची गरज नसते.

वर्गात काय करायचे ते ऐकून टीचरना अनेकदा हसू येते, इतके ते साधे असते. सेरेब्रल पाल्सीचे मूल मांडी घालून बसू शकत नाही, सारखे कलंडते. त्याला खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींचा आधार द्या, मांड्यांमध्ये गुंडाळलेली चादर ठेवा, पुढ्यात पाट किंवा स्टूल. हात मोकळे झाले की ते खेळते. खडू पकडता येत नाही? सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खडूवर चढवून मूठ जाड करा. खिचडीच्या चमच्यालाही तेच. भरवताना मूल सरळ बसलेले हवे, मान मागे टाकून किंवा आडवे करून कधीही भरवू नये. ठसका लागतो तो प्रत्येक वेळी त्याच्या अपंगत्वामुळेच नसतो, आपल्या घाईमुळेही असतो.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला पंख्याखाली आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसवू नका. कळंबोलीत ही सूचना शब्दशः पाळावी लागते. ट्रेलरवरच्या सळ्यांचा खणखणाट यंत्रातून कित्येक पटीने मोठा होऊन कानात शिरतो, आणि टीचरचा आवाज त्यात बुडतो. बोलताना फळ्याकडे तोंड नको. ओठ दिसले पाहिजेत. सकाळी यंत्र सुरू आहे का, सेल संपला तर नाही ना, हे बघायला दोन मिनिटे पुरतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून वर्गातली मुलेच ते काम अंगावर घेतात. स्वमग्न मुलाला हाच खणखणाट असह्य होऊन ते कान झाकून ओरडते, तेव्हा त्याला हट्टी ठरवले जाते. त्याला पडद्याआडची एक शांत जागा हवी आणि आता काय होणार याची आगाऊ खबर. प्रार्थना, खेळ, डबा, घर अशी चार चित्रे भिंतीवर ओळीने लावून एकेक झाकत गेले, की बरेच रडणे कमी होते. गंमत म्हणजे त्या चित्रांचा आधार नव्याने आलेली, आईवाचून रडणारी बाकीची मुलेही घेतात.

फिट येणाऱ्या मुलाची टीचरना सर्वांत भीती वाटते, त्यामुळे त्यावर पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. कांदा हुंगवू नका. चप्पल तर नाहीच. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. थांबली तर मूल दमून झोपते, झोपू द्या. हे वर्गातल्या मुलांसमोर झाले तर लपवायचे काही नाही. “त्याच्या डोक्यात थोडा वेळ गडबड झाली होती, आता बरं आहे” एवढे सांगितले की मुले परत ठोकळ्यांकडे जातात.

कारण तीन-चार वर्षांची मुले दया करत नाहीत. ती विचारतात. “हा असा का चालतो?” सरळ उत्तर मिळाले की प्रश्न संपतो आणि खेळ सुरू होतो. चिडवणे, टाळणे, कीव करणे हे पुढे येते, आणि ते बहुतांशी मोठ्यांकडून येते. म्हणून समावेशाची सुरुवात पाचवीत करण्यापेक्षा बालवाडीत करणे सोपे. इतर पालकांची “आमचं मूल त्याचं बघून तसं करेल” ही तक्रार मात्र येते. तिच्यावर लांबलचक समजावणी व्यर्थ असते. त्या पालकांना एक तास वर्गात बसवावे.

सरकारही या दिशेने हलले आहे. २८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांविषयीची कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळखा, सामावून घ्या, पुढच्या सेवांशी जोडा. त्यानंतर आठवडाभरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या, आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यातल्या, पण एकत्र कुणी वाचल्या नाहीत. जी बाई वजन-उंची घेते, पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी करते, घरोघरी जाते, सर्वेक्षणाला धावते, तिच्याच ओंजळीत आणखी एक जबाबदारी टाकली गेली. मदतीला जास्तीचे हात मिळाल्याशिवाय आणि मानधन माणसाला शोभेल इतके झाल्याशिवाय अंगणवाडीतला समावेश फलकावरच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तकातल्या युक्त्या सेविकेचे काम हलके करतात. शासनाचे काम त्या करू शकत नाहीत.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगून टाकतो. प्रत्येक मुलाला सामान्य बालवाडी पुरेल असा दावा इथे नाही. संपूर्ण कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारी माणसे लागतात, आणि ती एकट्या बालवाडीत मिळणार नाहीत. अंध मुलाला काठीने चालायला आणि ब्रेल वाचायला शिकवणारा विशेष शिक्षक हवा. वाचा, भौतिक आणि व्यवसायोपचार यांचे पर्याय पुस्तकात दिलेले नाहीत, कारण त्यांना पर्याय नाही. उपचार दुपारी होऊ शकतात. सकाळचे तीन तास मात्र मुलांनी मुलांत काढावेत.

कळंबोलीतल्या बालवाडी चालवणाऱ्या ताईंना एकच विनंती. येत्या जूनमध्ये असे मूल दारात आले, तर लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. फी न घेता एक आठवडा त्याला वर्गात बसू द्या, आईला बाहेरच्या पायरीवर थांबू द्या, आणि प्रवेशाचे शनिवारी ठरवा.